‘धार्मिक शिक्षण’ म्हणजे नेमके काय? गोव्यातल्या एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

प्राथमिकच्या मुलांना सगळ्या धर्मांची आणि धर्म न मानणाऱ्यांचीही ओळख करून द्यावी, असे म्हटले की गोव्यात गाडी लगेच शिक्षणाच्या माध्यमाच्या, म्हणजे शाळा कोणत्या भाषेत चालावी या वादाकडे वळते. १९९० नंतर प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान कोकणी-मराठी माध्यमापुरते राहिले, २०११ मध्ये ते इंग्रजीलाही मिळू लागले. या धुमाळीत मुले धर्माबद्दल काय शिकतात हा प्रश्न मागेच पडला.

पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत अक्षरओळख, संगीत आणि दोतोर्न (ख्रिस्ती धर्माची शिकवण) एकत्रच चाले. हिंदूंची मुले शेणैमामांकडे, म्हणजे गावातल्या खासगी पंतोजींकडे जात. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, पुढच्या वर्षी राज्य आणि चर्च वेगळे झाले. पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यातल्या १९४० च्या कराराने कॅथलिक धर्मशिक्षण सरकारी शाळांत परतले. पालकांनी सूट मागितली नाही, तर मूल आपोआप त्या वर्गात.

मुक्तीनंतर हे उलटे झाले. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला त्यासाठी बसवायचे तर पालकाची संमती लागते. तेव्हा पालकांना सूट मागावी लागे, आता शाळेला त्यांचा होकार घ्यावा लागतो. प्रत्यक्षात तो किती शाळा घेतात?

खरी गाठ शब्दाची आहे. घटनेच्या इंग्रजी पाठात आहे ‘इन्स्ट्रक्शन’, म्हणजे एखाद्या धर्माची शिकवण देणे. मराठीत तेही ‘धार्मिक शिक्षण’ आणि धर्मांविषयी माहिती देणेही ‘धार्मिक शिक्षण’. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा फरक स्पष्ट केला: धर्मांचा अभ्यास चालेल, एका धर्माचा संस्कार नाही. मराठी वाचणाऱ्या मास्तरांपर्यंत तो पोहोचणार कसा? दोन्हींना शब्द एकच. मग कुणी विषयच टाळतो, कुणी संस्कारालाच ‘माहिती’ म्हणतो.

१९६३ नंतर गावोगाव निघालेल्या मराठी शाळांत वेळापत्रकावर धर्म नव्हता, पण नवरात्रात सरस्वतीपूजन मात्र थाटात. त्याला धार्मिक शिक्षण म्हणायचे कुणाच्या मनातही आले नाही. चर्चच्या शाळांत कॅथलिक मुले दोतोर्नला आणि ‘बाकीची’ मॉरल सायन्सला (नीतिशिक्षणाला), ही विभागणी सरावाची झाली. बाकीच्यांत हिंदू, मुसलमान आणि देव न मानणाऱ्या घरचे मूलही. त्या मुलाच्या घरच्या विचाराला चार्वाकापासूनची परंपरा आहे, हे मात्र त्याला दोन्हीपैकी कोणत्याच वर्गात कळत नाही.