'द सिक्रेट ऑफ निम' आणि त्याचा सीक्वेल: लोक अजून का चिडतात, त्याची पार्श्वभूमी

'द सिक्रेट ऑफ निम' हा 1982 चा अमेरिकन कार्टून सिनेमा, आजारी पोराला वाचवायला आधी घुबडाकडे आणि मग 'निम' नावाच्या प्रयोगशाळेतून पळालेल्या उंदरांकडे मदत मागायला जाणाऱ्या विधवा उंदरीची गोष्ट. त्याच्या दुसऱ्या भागाचा विषय निघाला की लोक आजही चिडतात. नव्याने बघणाऱ्याला वाटतं एवढं काय झालं, मुलांसाठी थेट व्हिडिओवर आलेला सिनेमा आहे, नाही आवडला तर सोडून द्या. पण हा राग कळायचा असेल तर पहिला भाग लोकांनी कुठे बसून बघितला ते आधी बघायला लागतं, आणि त्यात थिएटरचा वाटा तसा कमीच.

थिएटरचा भाग पटकन सांगतो. सप्टेंबर 1979 मध्ये अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कार्टून स्टुडिओतून, म्हणजे डिस्नेतून, डॉन ब्लुथ हा दिग्दर्शक आणि त्याचे सोबती बाहेर पडले. त्यांचं म्हणणं होतं की सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबं, उजेडाप्रमाणे बदलणारे रंग हे सगळं जुनं काम खर्च वाचवायच्या नादात बंद पडत चाललंय. ते अजून करता येतं हे दाखवायला त्यांनी हा सिनेमा केला. साधारण 70 लाख डॉलरच्या आसपास खर्च, रिलीज जुलै 1982. त्याच उन्हाळ्यात परग्रहावरून आलेल्या पाहुण्याचा 'ई.टी.' हा सिनेमा जूनपासून थिएटरं अडवून बसलेला, त्यात वितरकाने हा एकदम सगळीकडे न लावता थोडा थोडा पसरवत नेला. अमेरिकेत 1 कोटी 40 लाख डॉलरच्या वर कमाई झाली, म्हणजे अगदीच आपटला नाही पण पुढच्या सिनेमाला पैसे उभे राहतील असंही काही घडलं नाही. समीक्षकांनी चित्रांचं तोंडभरून कौतुक केलं आणि गोष्टीत फार गर्दी झालीय अशी तक्रार केली. आणि विषय तिथेच संपला असता.

तो संपला नाही तो व्हीएचएसमुळे, म्हणजे घरी बघायच्या व्हिडिओ कॅसेटमुळे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत घरोघरी व्हीसीआर आले, शनिवारी कॅसेट भाड्याने आणायची आणि मुलं टीव्हीसमोर बसली की आईवडील आपापल्या कामाला लागायचे. हा सिनेमा बहुतेकांच्या डोक्यात बसलाय तो असा, सहा-सात वर्षांचं मूल, शेजारी मोठं कोणी नाही, आणि समोर ते घुबडाचं झाड. ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायची गरज नाही. आत शिरताना पायाखाली हाडं, मागून सरकत येणारा कोळी, त्या कोळ्यावर एकदम येऊन पडणारा पंजा, आणि मग ते दोन चमकणारे डोळे. यात कुणी किंचाळत नाही, कोणी पाठलाग करत नाही, घुबड तर शेवटी मदतच करतं. तरीपण चाळिशी ओलांडलेली माणसं आज याच सीनबद्दल लिहितात, आणि त्यातली बरीच जण लगेच पुढे म्हणतात की हाच आपला सगळ्यात आवडता सिनेमा. भीती वाटली म्हणून आवडला, की भीती वाटूनही आवडला, यावर वाद होतो, पण भीती आणि प्रेम एकाच वाक्यात येतात हे नक्की.

आता मुख्य भांडण. त्या कॅसेटवर 'जी' लिहिलेलं होतं, म्हणजे कुठल्याही वयाच्या मुलाने बघायला हरकत नाही. सिनेमात प्रयोगशाळेत प्राण्यांना सुया टोचलेल्या दिसतात, हाल दिसतात, उंदरांचा म्हातारा नेता कोसळणाऱ्या घराखाली चिरडून मरतो, तलवारीच्या मारामारीत रक्त दिसतं, एकाच्या पाठीत सुरा घुसतो. मग हे 'जी' कसं?

याचं उत्तर देताना लोक आजचे नियम 1982 ला लावतात आणि तिथेच घोळ होतो. अमेरिकेतली ही रेटिंग पद्धत 1968 ची, आणि 1982 मध्ये 'जी' आणि मोठ्यांसाठीचं 'आर' यांच्यामध्ये एकच पायरी होती, 'पीजी', म्हणजे पालकांनी लक्ष घालून दाखवावा असा सिनेमा. 'पीजी-13' आलं 1984 च्या जुलैत, तेसुद्धा त्या उन्हाळ्यातल्या दोन सिनेमांवर पालक भडकले तेव्हा, एकात माणसाचं हृदय हाताने उपटून काढतात आणि दुसऱ्यात छोटे राक्षस स्वयंपाकघरात मिक्सरमध्ये जातात. त्याआधी 'पीजी'चं पोतं एवढं मोठं होतं की त्यात काहीही मावायचं, आणि म्हणून मुलांचा सिनेमा काढणाऱ्याला 'पीजी' नको असायचं. कार्टून आहे म्हणजे 'जी' असणार हे प्रेक्षकांनी गृहीत धरलेलं होतं. मी वर म्हटलं त्या मोठ्या स्टुडिओच्या कार्टून सिनेमाला पहिल्यांदा 'पीजी' मिळालं ते 1985 मध्ये, आणि तो सिनेमा पडला. 'पीजी' मिळालं म्हणून पडला असं नाही म्हणता येणार, पण धंद्यातल्या लोकांनी त्यातून काय धडा घेतला असेल ते कळतंच.

शिवाय रेटिंग का दिलं हे तेव्हा कुठे छापलं जायचं नाही. 'भीतीदायक दृश्यं', 'हिंसा' असे कारणांचे शब्द रेटिंगबरोबर यायला लागले 1990 पासून. म्हणजे ऐंशीच्या दशकात दुकानात उभ्या असलेल्या आईसमोर एक अक्षर आणि झगा घातलेल्या उंदरीचं चित्र, बस. तिला दोष देण्यात काही अर्थ नाही.

'कार्टूनला जास्त सूट मिळायची' हे नुसतं म्हणून भागत नाही, कारण त्याच अमेरिकेत चार वर्षं आधी सशांच्या 'वॉटरशिप डाउन'ला 'पीजी' दिलं होतं. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये त्याच सिनेमाला 'यू', म्हणजे तिकडचं 'जी'. तिथल्या बोर्डाने 1978 मध्ये लिहून ठेवलं होतं की चित्रांमुळे रक्ताचा खरेपणा कमी होतो, मुलांना सिनेमा चालू असेपर्यंत वाईट वाटेल पण गोष्ट संपली की त्रास राहणार नाही. हे म्हणणं किती चुकलं ते त्याच बोर्डाने नंतर स्वतःच मान्य केल्यासारखं आहे, कारण जवळजवळ दरवर्षी त्या 'यू'बद्दल तक्रारी येत राहिल्या. 2016 मध्ये एका ब्रिटिश चॅनलने तो ईस्टरच्या दुपारी लावला तेव्हा पालकांनी गदारोळ केला आणि शेवटी 2022 मध्ये त्याचं 'पीजी' झालं. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं गेली. आपल्याकडेही हे चालूच असतं, 2016 मध्ये मोगलीच्या नव्या सिनेमाला 'यू/ए' दिलं तेव्हा काय हसले होते लोक. आणि 2023 च्या कायद्याने त्या एका 'यूए'चे 7, 13 आणि 16 असे तीन तुकडे केले, ते एका अक्षरात सगळं बसत नाही म्हणूनच.

माझं स्पष्ट मत, उंदरांच्या सिनेमाला 'पीजी' हवं होतं. सिनेमा वाईट आहे म्हणून अजिबात नाही, शेजारी कोणीतरी मोठं बसावं म्हणून. दिग्दर्शक नेहमी म्हणत आलाय की शेवट चांगला असेल तर मुलं जवळपास काहीही पचवतात, आणि मला ते पटतं, फक्त शेवटापर्यंत पोचायला काही मुलांना मांडी लागते.

तर अशी ही पिढी मोठी झाली, आणि 1998 च्या डिसेंबरमध्ये सीक्वेल आला, 'टिमी टू द रेस्क्यू'. टिमी म्हणजे पहिल्या भागातला तो आजारी पोरगा. मधल्या सोळा वर्षांत धंदा पार बदलला होता. 1994 मध्ये 'अलादीन' या कार्टूनचा दुसरा भाग थिएटर टाळून थेट कॅसेटवर काढला आणि तो इतका खपला की ज्याच्याकडे जुन्या कार्टूनचे हक्क होते तो प्रत्येक जण कपाट उघडून बसला. हक्क कंपनीकडे असतात, ज्याने सिनेमा काढला त्याच्याकडे नाही, त्यामुळे पहिल्या दिग्दर्शकाचा या सीक्वेलशी काहीही संबंध नव्हता. हे त्याच्या बाकीच्या सिनेमांचंही झालं, डायनासोरच्या पिल्लांचे तर एकामागून एक भाग निघत राहिले, आणि 'त्याने आपलाच सिनेमा बिघडवला' असं जे लोक अजून लिहितात ते साफ चुकीचं आहे.

सीक्वेलवरच्या तक्रारी सगळ्यांना पाठ आहेत, स्वस्त ड्रॉइंग, उगाच गाणी, भविष्यवाणीतला हिरो, आणि ज्या आईवर पहिला सिनेमा उभा होता ती जवळपास गायब. तिच्या आवाजाची अभिनेत्री 1987 मध्येच गेली होती हे खरं, पण पात्र बाजूला ठेवण्याचं ते कारण पुरत नाही, दुसरा आवाज घेतलाच होता. तिचं मोठेपण यात होतं की ती हिरो नव्हती. विधवा, घाबरट, आजारी पोरासाठी घुबडाच्या बिळात शिरणारी. तिच्या जागी ज्याच्या नशिबातच हिरो होणं लिहिलंय असा मुलगा आणला की भीतीला काही कामच उरत नाही, कारण तो जिंकणार हे पहिल्या दहा मिनिटांत माहीत असतं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. पहिल्या भागात प्रयोगशाळेतून पळताना हवेच्या बोगद्यात सोसाट्याचा वारा सुटतो आणि छोटे उंदीर खेचले जातात. म्हातारा नेता ती हकीकत सांगताना अडखळत नाही, दोघे सोडून सगळे मेले असं सांगतो आणि पुढे जातो. मूल म्हणून ते ऐकताना कळतं की या जगात छोट्यांनाही सूट नाही. सीक्वेल म्हणतो की त्यातले सहाजण जिवंत आहेत, कैदेत आहेत, चला सोडवून आणू. नवीन मुलाला ही साधी सुटकेची गोष्ट वाटेल. पण ज्याने ते मरण वर्षानुवर्षं मनात वागवलं त्याला कोणीतरी येऊन सांगतंय की तसं काही झालंच नव्हतं. ड्रॉइंग स्वस्त असतं तरी लोकांनी माफ केलं असतं. हे नाही केलं.

हे लिहूनही सीक्वेलच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्यावरही 'जी' होतं, आणि त्याच्या बाबतीत ते अगदी बरोबर होतं. 1998 मध्ये चार-पाच वर्षांच्या असलेल्या मुलांपैकी काहींनी हाच आधी बघितला, त्यांना तो आवडला, गाणी पाठ झाली, आणि मग नंतर कधीतरी पहिला लावल्यावर ती मुलं हादरली. अशा लोकांच्या प्रतिक्रिया वाचताना समजतं की दोन्ही कॅसेटवर तेच नाव, तेच पात्र आणि तेच अक्षर असणं हा किती घातक प्रकार होता. वाढत्या वयात ही माणसं सीक्वेलवर बाकीच्यांसारखी तुटून पडत नाहीत, आणि त्यांना त्यावरून बोल लावणाऱ्यांनी जरा थांबावं.

2007 मध्ये पहिल्याची दोन डिस्कची चांगली आवृत्ती आली, दिग्दर्शकाच्या कॉमेंटरीसकट, आणि तेव्हापासून त्याचं स्थान पक्कं झालं. नव्याने सिनेमा किंवा मालिका करायच्या घोषणाही अधूनमधून होत आल्यात, आणि प्रत्येक वेळी लोक विचारतात की पहिल्या सिनेमातला जादूचा लाल दगड ठेवणार का. माझं म्हणणं, मूळ 1971 च्या कादंबरीकडे जा. तिला 1972 चं न्यूबेरी पदक, म्हणजे मुलांच्या पुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं मोठं बक्षीस आहे, तिच्यात दगड नाही, जादू नाही, म्हातारा नेता मरत नाही, घर दोऱ्या आणि कप्प्या लावून हलवतात. पण शेवटी विषारी वायू घेऊन माणसं येतात, बहुतेक उंदीर निसटतात, एक जण सोबत्याला वाचवायला परत आत जातो आणि बाहेर येत नाही. तो कोण होता हे उंदरीची मुलं विचारत राहतात आणि लेखक शेवटपर्यंत सांगत नाही.