विद्युत् विलेपन

विद्युत् विलेपन : विजेच्या साहाय्याने वस्तूवर धातूचा पातळ थर चढवण्याची प्रक्रिया. कारखान्यांत हिला नुसते ‘प्लेटिंग’ म्हणतात. कल्हईत तापलेल्या भांड्यावर कथील वितळवून फासतात. विलेपनात थराचा धातू वितळवावा लागत नाही. तो द्रावणातून येऊन वस्तूवर बसतो.

ज्या वस्तूवर थर द्यायचा ती टाकीतल्या द्रावणात बुडवून एकदिश (एकाच दिशेने वाहणाऱ्या, डीसी) प्रवाहाच्या ऋण टोकाला जोडतात. चांदीच्या विलेपनात धन टोकाला शुद्ध चांदीचा पत्रा असतो. प्रवाह सुरू झाला की पत्र्यावरची चांदी आयनरूपाने (विद्युत्‌भारित अणूंच्या रूपाने) द्रावणात उतरते आणि द्रावणातली चांदी इलेक्ट्रॉन घेऊन वस्तूवर जमते. क्रोमियमच्या नेहमीच्या टाकीत मात्र धनाग्र (धन टोकाला जोडलेला पत्रा) शिशाच्या मिश्रधातूचे असते व ते विरघळत नाही. खर्ची पडलेले क्रोमियम क्रोमिक आम्ल घालून भरून काढावे लागते.

जमणारा धातू वाहिलेल्या विजेच्या प्रमाणात असतो, या फॅराडे यांच्या नियमावरून किती धातू चढेल हे आधीच काढता येते. 1 अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर सुमारे 4 ग्रॅम चांदी जमते. 100 चौ. सेंमी. पृष्ठभागावर 20 मायक्रॉनचा (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर हवा असल्यास साधारण 2.1 ग्रॅम चांदी, म्हणजे 1 अँपिअरला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागेल.

इटलीतील लुईजी ब्रुन्यातेल्ली यांनी 1805 मध्ये व्होल्टा यांच्या विद्युत्‌घटाच्या साहाय्याने चांदीच्या पदकांवर सोने चढवले. या युक्तीचा धंदा झाला तो 1840 मध्ये, बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतबंधूंच्या एकस्वामुळे (पेटंटमुळे). त्यामागचा निर्णायक शोध जॉन राइट या शल्यचिकित्सकाचा : पोटॅशियम सायनाइडचे द्रावण. सिल्व्हर नायट्रेटच्या साध्या द्रावणात तांब्याची वस्तू बुडवली, तर वीज देण्याआधीच तिच्यावर चांदीचा सैल, भुसभुशीत थर येतो आणि तो बोटाने पुसला जातो. सायनाइड चांदीला संयुगात घट्ट धरून ठेवते, त्यामुळे मुक्त आयन फार थोडे राहतात आणि थर बारीक कणांचा, चिवट बसतो. इतक्या जहाल विषाची साथ या उद्योगाने का सोडली नाही, याचे उत्तर येथेच आहे.

थराचे यश मुख्यतः पूर्वतयारीवर ठरते. वस्तू बफिंग करून (फिरत्या कापडी चाकावर घासून) गुळगुळीत करतात, तेलकटपणा अल्कलीने काढतात, गंज आम्लात उतरवतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर पाण्याने धुतात. धुतलेल्या वस्तूवर पाणी अखंड पसरले पाहिजे. ते थेंबाथेंबाने फुटले तर तेल शिल्लक आहे असे समजावे. अशा जागी थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. चकाकीने ओरखडे झाकले जात नाहीत, उलट उठून दिसतात. कडा-कोपऱ्यांवर प्रवाह एकवटतो, म्हणून तेथे थर जाड आणि खोलगट भागात पातळ बसतो.

दुचाकीच्या ‘क्रोम’ केलेल्या भागांवर क्रोमियम बहुधा अर्ध्या मायक्रॉनहून कमी असते. गंजापासून खरे संरक्षण त्याखालचा कितीतरी जाड निकेलचा थर देतो. पोलादावर जस्त चढवतात तेव्हा ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि पोलाद वाचते. अतिकठीण पोलादात मात्र विलेपनाच्या वेळी हायड्रोजन शिरून ठिसूळपणा येतो. तो हायड्रोजन निघून जावा म्हणून असे भाग नंतर काही तास सुमारे 190 ते 220 अंश सेल्सिअसला तापवतात.

सांडपाणी हा या उद्योगाचा सर्वांत गंभीर प्रश्न. कर्ककारक षट्‌संयुजी क्रोमियमचे आम्लधर्मी पाण्यात कमी घातक त्रिसंयुजी रूपात क्षपण करून (इलेक्ट्रॉन देऊन) ते चुन्याने खाली बसवतात, तर सायनाइड अल्कधर्मी पाण्यात हायपोक्लोराइटने नष्ट करतात. ही दोन्ही पाणी वेगळ्या नळांतूनच न्यावी लागतात, कारण सायनाइडमध्ये आम्ल मिसळले की प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो.