राष्ट्रभाषा आणि राष्ट्रवाद

आपण सारे मिळून एक राष्ट्र आहोत ही जाणीव एखाद्या जनसमूहात रुजण्यामागे सामायिक भाषेचा वाटा किती, हा या नोंदीचा विषय आहे. राजभाषा कायद्याने ठरते, तर राष्ट्रभाषा लोकमान्यतेवर उभी राहते. भारतीय संविधानाच्या ३४३व्या अनुच्छेदाने देवनागरी लिपीतील हिंदीला संघराज्याची राजभाषा केले आहे. ‘राष्ट्रभाषा’ असा दर्जा संविधानाने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. व्यवहारात हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि पुष्कळसे वाद तेथूनच सुरू होतात.

भाषा हाच राष्ट्राचा प्राण, हा विचार जर्मनीत हेर्डर आणि फिख्टे या तत्त्वज्ञांनी मांडला. फ्रेंच विचारवंत रनाँ यांनी १८८२ मध्ये अनेक भाषांच्या स्वित्झर्लंडकडे बोट दाखवून त्याला हरकत घेतली. १८६१ मध्ये इटली एक झाली तेव्हा प्रमाण इटालियन बोलणारे एका अंदाजाने अडीच टक्के, तर दुसऱ्या अंदाजाने दहा टक्क्यांच्या आसपास होते. यांतील कोणताही आकडा धरला तरी भाषा आधी आणि राष्ट्र मागून, हा क्रम तेथे जुळत नाही. छापखाना, शाळा आणि वृत्तपत्रे यांनी आधी वाचकवर्ग घडवला व त्या वर्गाने राष्ट्राची कल्पना उचलून धरली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मराठीपुरती या प्रश्नाची सुरुवात बहुधा राज्यव्यवहारकोशापासून केली जाते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून इ. स. १६७७-७८ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या कोशात दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. त्याच धोरणाने पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, डबीर सुमंत आणि सरनौबत सेनापती. कोशाचा कर्ता कोण, याविषयी एकमत नाही. परंपरेने तो रघुनाथपंत हणमंते यांच्या नावावर आहे, तर काही अभ्यासक धुंडिराज व्यास यांना कर्तेपण देतात. काम रघुनाथपंतांकडे सोपवले गेले आणि प्रत्यक्ष रचना धुंडिराजांनी केली, असे मानल्यास दोन्ही पक्षांचा मेळ बसतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ च्या सुमाराचे तीन कागद तपासून मराठी शब्दांचे प्रमाण सुमारे चौदा टक्क्यांवरून बासष्टवर आणि पुढे नव्वदीपार गेल्याचे दाखवले. हे आकडे वारंवार उद्धृत होतात. तथापि अवघ्या तीन कागदांवर फार मोठे अनुमान उभारणे बरे नव्हे, कारण कागदाचा विषय आणि लिहिणारा बदलला की शब्दही बदलतात. शिवाय ही उलथापालथ दफ्तराची होती. तिला आजच्या अर्थाने राष्ट्रवाद म्हणणे कालविपर्यासाचे ठरेल.

आधुनिक अर्थाने मराठी ही राष्ट्रीय भावनेचे साधन झाली ती पुण्यात. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये निबंधमाला काढली आणि तिच्या आरंभीच मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीचा प्रश्न घेतला. १८८१ मध्ये केसरी मराठीत आणि मराठा इंग्रजीत निघाला. एकाच गटाची ही दोन पत्रे असणे बोलके आहे : घरच्या माणसाला जागे करायचे ते मराठीतून, आणि सरकार व इतर प्रांतांपर्यंत पोचायचे ते इंग्रजीतून. ही फट लोकमान्य टिळकांनाही जाणवत असावी. १९०५ मध्ये काशीला नागरी प्रचारिणी सभेत बोलताना त्यांनी सर्व देशासाठी देवनागरी ही समान लिपी असावी असे प्रतिपादन केले.

सामायिक भाषा सर्वांना आपोआप सामावून घेत नाही, याचा पुरावाही याच शहरात आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये पत्र लिहून नाकारले. शूद्रातिशूद्रांची दुःखे ज्या लेखनात उतरत नाहीत त्या लेखकांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. पत्र मराठीतच आहे. भाषा एक असूनही राष्ट्र एक नाही, हे त्याहून स्पष्ट तेव्हा कोणी सांगितले नव्हते. राष्ट्रभाषेच्या चर्चेत या पत्राला मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी.

हिंदीच्या प्रसारासाठी पुण्यात १९३७ मध्ये महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा स्थापन झाली. तिच्या प्रबोध, प्रवीण, पंडित या परीक्षांमुळे मराठी घरांत हिंदीचे पाठ्यपुस्तक आले. त्याच काळात सावरकरांच्या भाषाशुद्धीला फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवलेले आणि फार्सी-मराठी कोश रचणारे माधवराव पटवर्धन यांनी पाठिंबा दिला. ‘मेयर’ला ‘महापौर’ आणि ‘तारीख’ला ‘दिनांक’ हे पर्याय त्या चळवळीचे. पैकी ‘महापौर’ अगदी रुळला. ‘तारीख’ मात्र हटली नाही.

लादलेल्या भाषेने राष्ट्र दुभंगते, याचे ठळक उदाहरण म्हणजे पाकिस्तान. उर्दू हीच राष्ट्रभाषा, या आग्रहाविरुद्ध २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांनी प्राण दिले आणि १९७१ मध्ये बांगलादेश वेगळा झाला. उलट इंडोनेशियाच्या तरुणांनी १९२८ मध्ये सर्वांत मोठ्या भाषिक गटाची जावानीज बाजूला ठेवून बाजारपेठेतील मलाय स्वीकारली आणि ती टिकली. महाराष्ट्रात भाषिक अस्मिता आणि भारतीयत्व यांत विरोध मानला गेला नाही : ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीची मागणी भारतातल्याच मराठी राज्याची होती आणि १ मे १९६० रोजी ती, बेळगाव-कारवार वगळून, पदरात पडली. पहिलीपासून हिंदी शिकवण्याविषयीचे २०२५ चे शासननिर्णय व्यापक विरोधानंतर त्याच वर्षी २९ जूनला मागे घेण्यात आले.