मोआबच्या कपारीत व्हायोलिन कसं ऐकू येतं?

अमेरिकेच्या युटा राज्यात कोलोरॅडो नदीकाठी मोआब नावाचं छोटं गाव आहे. समुद्रसपाटीपासून साधारण 1,200 मीटर उंची, वर्षाकाठी जेमतेम 23 सेंटीमीटर पाऊस आणि आजूबाजूला लाल वालुकाश्माचे कडे. पियानोवादक-कंडक्टर मायकेल बॅरेट आणि व्हायोलावादक लेस्ली टॉमकिन्स यांनी 1992 मध्ये इथे चेंबर म्युझिकचा, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा, महोत्सव सुरू केला. त्यातल्या सर्वांत नावाजलेल्या मैफली नदीच्या खालच्या अंगाला, कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातल्या एका नैसर्गिक कपारीत होतात. श्रोते मोटारबोटीने येतात, शेकडो किलोंचा ग्रँड पियानोही पाण्यातूनच येतो. माइक नाही, स्पीकर नाही. तरीही चार तंतुवाद्यांचं वादन ऐकू येतं, हे मला या महोत्सवातलं सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र वाटतं.

कारण एरवी उघडं मैदान अशा संगीताचा जीव घेतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने घटतो. म्हणजे 4 मीटरवर बसलेल्याला जे ऐकू येतं, त्यातले 12 डेसिबल 16 मीटरवरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्याआधीच विरलेले असतात. चेंबर म्युझिकमध्ये एकेका भागाला एकच वादक असतो, त्यामुळे जोर लावून भरपाई करायलाही वाव नसतो.

इथे कडा मदतीला येतो. हवेच्या तुलनेत दगड इतका घट्ट आणि जड असतो की त्यावर आदळलेल्या ध्वनीचा बहुतेक भाग परत फिरतो. आता थोडा हिशोब करू. वादकांच्या मागे 5 मीटरवर भिंत असेल, तर परावर्तित ध्वनीला सुमारे 10 मीटर जास्त चालावं लागतं. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर तो मूळ सुरानंतर जवळपास 29 मिलिसेकंदांनी कानावर पडतो. इतक्या कमी अंतराने आलेले दोन आवाज मेंदू वेगळे मोजत नाही. तो त्यांना एकत्र करतो आणि सूर भरदार झाल्यासारखा वाटतो. तीच भिंत 30 मीटर दूर असती, तर परतीचा आवाज 175 मिलिसेकंद उशिरा आला असता आणि प्रत्येक स्वरामागे त्याचा प्रतिध्वनी खणखणत राहिला असता. म्हणून जागा निवडताना देखाव्याइतकंच भिंतीचं अंतरही बघावं लागतं.

सभागृहासारखी लांब रेंगाळणारी आस मात्र अशा जागी मिळत नाही. चेंबर म्युझिकच्या चांगल्या सभागृहात आवाज विरायला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. कपारीची नदीकडची बाजू उघडी असते. तिथून बाहेर पडलेला ध्वनी परत येत नाही. पायाखालची कोरडी वाळूही वरच्या पट्टीतला बराच ध्वनी शोषते. त्यामुळे सूर स्वच्छ, जवळचे वाटतात आणि वाजवणाऱ्याची बारीकशी चूकही झाकली जात नाही.

या वाळूचं आणि कड्यांचं नातं जुनं आहे. मोआब परिसरातला नव्हाहो वालुकाश्म म्हणजे सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातले टेकाड, दाबाखाली घट्ट झालेले. लाल रंग कणांवरच्या लोह ऑक्साइडचा. झिरपणारं पाणी कण जोडणारा बंध विरघळवतं, दगडाचे पापुद्रे निखळतात आणि कड्याच्या पोटात अंतर्वक्र कपारी तयार होतात. अशी अंतर्वक्र भिंत ध्वनी एका जागी गोळाही करते, त्यामुळे दोन शेजारच्या खुर्च्यांवरही ऐकण्यात फरक पडू शकतो.

दगड देतो त्यातलं थोडं हवा काढून घेते. हवेतल्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या रेणूंची कंपनं ध्वनीची ऊर्जा खातात, आणि किती खातात हे बाष्पावर ठरतं. 15 अंश सेल्सिअसला, 20 टक्के आर्द्रतेच्या हवेत 8,000 हर्ट्झचा ध्वनी किलोमीटरमागे सुमारे 200 डेसिबल गमावतो. म्हणजे 30 मीटरवर 6 डेसिबल. खालचे स्वर जवळजवळ शाबूत राहतात, पण व्हायोलिनची चकाकी देणारे उच्च स्वरांश मागच्या रांगेत कमी पोहोचतात.

खरा छळ वाद्यांचा होतो. पावसाळ्यात तबला उतरतो आणि कोरड्या हवेत चढतो, हे आपल्याकडे कुणालाही माहीत असतं. पियानोचं उलट आहे. कोरड्या हवेत त्याची लाकडी ध्वनिफळी आकसते, तारांवरचा ताण घटतो आणि तो उतरतो. क्लॅरिनेट, बासरी यांच्यातली हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, म्हणून ती चढतात. तापमानाच्या दर अंशामागे साधारण 3 सेंट (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तापमान 10 अंशांनी वाढलं तर जवळपास एक-तृतीयांश अर्धस्वर. वाद्यातली हवा वादकाच्या श्वासानेही उबदार राहते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण कानाला खटकतोच. पियानो उतरतोय, क्लॅरिनेट चढतंय आणि दोघांनी मिळून जर्मन संगीतकार ब्राम्सची रचना वाजवायची आहे, अशा वेळी ट्यूनरचं काम वादकाइतकंच मोलाचं असतं.

व्हायोलिनचं दुखणं वेगळं. 50 टक्के आर्द्रतेत लाकडात सुमारे 9 टक्के पाणी असतं, 20 टक्क्यांत ते साडेचारवर येतं. 20 सेंटीमीटर रुंदीची स्प्रूसची (एका सूचिपर्णी झाडाची) फळी पूर्ण सुकायला वेळ मिळाला, तर साधारण मिलिमीटरभर आकसू शकते. म्हणूनच व्हायोलिन बनवणारे वरची फळी सरसाने बेताचीच चिकटवतात. ताण आला की आधी सांधा सुटावा, लाकूड चिरू नये, अशी ती योजना असते. सुटलेला सांधा पुन्हा जोडता येतो.

एवढं सगळं सांभाळून तिथे वाजवायचं कशासाठी? शांततेसाठी. शहरात रस्त्यावरचा गोंगाट सहज 50-60 डेसिबलपर्यंत जातो आणि अतिमंद वाजवलेला स्वर त्याखाली बुडतो. निर्मनुष्य घळीत ही पातळी फार खाली येते, म्हणून कमान तारेला लागण्याचा आवाजदेखील श्रोत्यापर्यंत पोहोचतो. पण कडा भेदभाव करत नाही. आकाशातून विमान गेलं, तर त्याच्या घरघरीलाही तो तितकंच बळ देतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेत नैसर्गिक ध्वनी आणि रात्रीचं आकाश जपण्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तो उद्यानांमधल्या आवाजाच्या पातळ्या मोजतो. कॅन्यनलँड्समधल्या मैफलीला या मोजमापांची गरज पियानोच्या ट्यूनिंगपेक्षा कमी नाही, असं मला वाटतं.