पाकटाला नाव देण्याची अडीचशे वर्षं

गिट्टीखदान म्हटलं की नागपूरकराला काटोल रोड आठवतो. मूळची खदान आता कोणाच्या ध्यानीमनी नसते. पण याच ठिकाणी, लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबून राहिलेल्या मातीत माशांचे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे बारीक जीवाश्म मिळाले आणि 1984 साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. चंद्रपूरच्या पलीकडे, आताच्या तेलंगणातल्या आसिफाबादला, दख्खनच्या तशाच थरांत पाकटांच्या, म्हणजे चपट्या अंगाच्या समुद्री माशांच्या, गोतावळ्यातल्या एका माशाचे दात सापडले. वय सुमारे 6.6 कोटी वर्षं. या माशाचा ‘इग्डाबॅटिस’ हा वंश 1972 साली आफ्रिकेतल्या नायजरमधल्या दातांवरून मांडला गेला होता. भारतातल्या दातांची ठेवण वेगळी आहे, हे 1993 साली प्रसाद आणि कपेटा या जीवाश्म-अभ्यासकांनी दाखवलं आणि त्या माशाला नाव मिळालं इग्डाबॅटिस इंडिकस. दख्खनच्या लाव्हाचं वय ठरवण्याच्या वादात हेच चिमुकले दात साक्षीला आले.

दातच का? तर पाकटाच्या अंगात हाड नसतं. सगळा सांगाडा कूर्चेचा, तो विरून जातो. मागे राहतात ते दात आणि कातडीवरचे काटे. जीवाश्म ओळखणाऱ्याला एवढ्यावरच भागवावं लागतं. आजच्या समुद्रातलं पाकट अख्खं हाती येतं, तरी त्याची जात ठरवताना जाणकार अडखळतात. त्यामागे मोठा इतिहास आहे.

आपल्या विदर्भात मासोळी म्हणजे मरळ, रोहू, कतला. पाकट हा कोकणातल्या माणसाचा मासा. चपटं, पसरट अंग, चाबकासारखी शेपटी आणि त्या शेपटीवर विषारी काटा. कोळ्याच्या लेखी तो पाकटच, आणि स्वयंपाकघराला तेवढं नाव पुरतं. अडचण पुढे येते. बंदरावर उतरलेल्या मासळीची नोंद जेव्हा ‘पाकट’ अशा एकाच रकान्यात जाते, तेव्हा आत पाच जाती आहेत की पंधरा, हे कळत नाही. त्यातली एखादी दरवर्षी घटत गेली आणि दुसरी तेवढीच वाढली, तर एकूण वजन जिथल्या तिथे राहतं. कागदावर सगळं ठीक दिसतं आणि पाण्यातून एक जात निघून जाते. मला या सगळ्या विषयात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

शास्त्रीय नावांची सुरुवात तांबड्या समुद्रावर झाली. पीटर फोर्स्कोल हा निसर्ग-अभ्यासक डेन्मार्कच्या राजाने धाडलेल्या मोहिमेसोबत अरबस्तानात गेला आणि 1763 साली येमेनमध्ये मलेरियाने वारला. त्याचा सोबती कार्स्टेन नीबूर त्याच वर्षी मुंबईला पोचला. पुढे मोहिमेतला तो एकटाच जिवंत मायदेशी परतला आणि 1775 साली त्याने फोर्स्कोलची टिपणं छापली. त्या टिपणांत पाकटांची ‘सेफेन’ आणि ‘उआर्नाक’ ही नावं होती, तिथल्या अरबी बोलीतून घेतलेली. ती आजही शास्त्रात टिकून आहेत.

पण ‘उआर्नाक’ हे नाव पुढे वाटेल तसं ताणलं गेलं. तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत कुठेही ठिपक्यांचं मोठं पाकट मिळालं की त्याला हेच नाव. ताडोबा-पेंचच्या वाचकाला इथली मेख लवकर कळेल. वाघाचे पट्टे जन्मभर तेच राहतात, म्हणून कॅमेऱ्यातल्या फोटोवरून एकेक वाघ ओळखता येतो. या पाकटांचं उलटं आहे. पिल्लाच्या अंगावर मोठे, मोजके ठिपके असतात. वाढत्या वयात ते फुटून बारीक होतात, कधी कडी होतात, कधी जाळी. त्यामुळे एकाच जातीची आई आणि पिल्लू दोन वेगळ्या जातींचे वाटू शकतात आणि वेगवेगळ्या जातींची पिल्लं सारखी दिसू शकतात. म्हणून अंगाची रुंदी, तोंडापुढच्या टोकाचा कोन, पाठीवरच्या खवल्यांची मांडणी, शेपटीची लांबी, तिच्यावरचे पट्टे आणि तिच्या खालची कातडीची घडी हे सगळं एकत्र पाहावं लागतं. असं बारकाईने पाहिल्यावरच 2008 साली ‘हिमँटुरा लेपर्डा’ ही बिबट्यासारख्या ठिपक्यांची जात वेगळी काढता आली.

वयाचा हा चकवा किती मोठा असतो, ते गोड्या पाण्यातल्या राक्षसी पाकटावरून कळतं. 1852 साली मत्स्य-अभ्यासक ब्लीकर यांनी जकार्ताच्या एका लहानग्या पिल्लावरून ‘पॉलिलेपिस’ हे नाव दिलं, आणि ते विस्मरणात गेलं. 1990 साली थायलंडच्या नदीतल्या अवाढव्य पाकटाला नवी जात म्हणून ‘चाओफ्राया’ नाव मिळालं. दोन्ही एकच आहेत हे 2008 मध्ये मान्य झालं, म्हणजे मधे दीडशेहून अधिक वर्षं गेली. याच जातीची 300 किलोची मादी जून 2022 मध्ये कंबोडियात मेकाँग नदीत मिळाली. गोड्या पाण्यातला नोंदवलेला तो सर्वांत वजनदार मासा. तिला जिवंत सोडून दिलं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. ही जात संकटग्रस्त आहे.

जनुकांची मदत यानंतरची. 2003 साली पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की पेशीतल्या मायटोकाँड्रिया या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या एका जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा वाचला तर बहुतेक प्राण्यांची जात ओळखता येईल. दुकानातल्या मालावर बारकोड असतो, तसं. पाकटाच्या पंखाचा नखाएवढा तुकडा त्याला पुरतो. 2012 साली नेलर आणि सहकाऱ्यांनी दुसरं एक जनुक वापरून मुशी (शार्क) व पाकटांचे 4,283 नमुने तपासले आणि त्यांत 574 जाती मिळाल्या. एकच समजलेल्या कितीतरी जाती अनेक निघाल्या. 2016 मध्ये लास्ट आणि सहकाऱ्यांनी शरीर आणि जनुकं दोन्ही समोर ठेवून पाकटांच्या कुळाची फेरमांडणी केली. जुना ‘हिमँटुरा’ वंश फुटला आणि त्यातल्या बऱ्याच जाती नव्या वंशांत गेल्या.

तरीही नुसत्या जनुकावर विसंबून चालत नाही. 2013 साली ‘हिमँटुरा टुटुल’ ही जात जनुकाच्या तुकड्यावरूनच वर्णिली गेली. ती स्वतंत्र धरायची की लेपर्डातच जमा करायची, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. शिवाय मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो, म्हणजे संकर झाला असेल तर बाप दिसतच नाही. आणि ज्या संग्रहाशी ताडून पाहायचं, त्यातल्या मूळ नमुन्यालाच कुणी चुकीचं नाव दिलं असेल, तर पुढची प्रत्येक ओळख चुकते.

कायद्याला मात्र नेमकं नाव लागतं. जुलै 2001 मध्ये भारताने मुशी-पाकटांचा अख्खा वर्ग वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला. त्याच डिसेंबरमध्ये ती यादी 10 जातींवर आली. गंगेतलं पाकट आणि काटेरी पाकट तिच्यात राहिले, बाकीच्या पाकटांवरचं संरक्षण गेलं. 2021 साली जगभरच्या आढाव्यात मुशी, पाकट आणि त्यांच्या नातलगांच्या 1,199 जाती तपासल्या, त्यांतल्या 391 धोक्यात निघाल्या. पाकट उशिरा वयात येतं आणि थोडीच पिल्लं देतं, तीही जिवंत. ट्रॉलरच्या जाळ्याशी त्याची बरोबरी होत नाही.

महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. इथे मत्स्यशास्त्र शिकलेली मुलं उद्या किनाऱ्यावर नोंदी घ्यायला उभी राहतील. त्यांना पाठ-पोटाचे दोन फोटो, रुंदीचं माप आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेला पंखाचा तुकडा एवढं जमवता आलं तर पुष्कळ झालं. शेपटी मिळेलच असं नाही. काटा लागू नये म्हणून कोळी ती बऱ्याचदा होडीवरच तोडून समुद्रात टाकतात, आणि तिच्यावरचे पट्टे, खालची घडी या खुणाही तिच्यासोबत जातात.