भयपट : भीतीचा, किळसेचा की नुसत्या दचकण्याचा?

कोजागिरीला गच्चीवर कुठला सिनेमा लावायचा, यावरून घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत यंदा जे रामायण झालं ते इथे सांगत बसत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते अजून सुरूच आहे. थोडक्यात एवढंच, की काही जणांना भयपट हवा होता आणि काहींना मुळीच नको होता. गंमत अशी, की 'नको'वाल्यांत ऐन तारुण्यात रात्र रात्र जागून हेच सिनेमे बघितलेले निघाले. 'हवा'वाल्यांत एक गृहस्थ असे, की त्यांनी आजवर एकही भयपट डोळ्यांवरचा हात काढून बघितलेला नाही. एकाच घरात एकाला हे वेड आणि दुसऱ्याला तिटकारा, हे येतं कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. 1949च्या 'महल'मध्ये रिकामा झोपाळा हलला, पडद्यामागून गाणं आलं, आणि पुढची वीसएक वर्षं हिंदी सिनेमातलं भूत बहुतेक वेळा शेवटच्या रिळात माणूसच निघत राहिलं. पांढरी साडी, हातात मेणबत्ती, आणि डाव कुणाच्या तरी इस्टेटीवर. प्रेक्षक घाबरायचे, मग सुटकेचा श्वास टाकून घरी जायचे. त्या सिनेमांना कुणी भयपट म्हणत नसे, ते रहस्यपट.

खरी सुरुवात एका पडेल सिनेमातून झाली. 1970 साली आलेल्या त्या सिनेमात एक चोर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतो, असा प्रसंग होता. सिनेमा आपटला, पण निर्मात्याच्या मुलांनी थेटरात पाहिलं की लोक तेवढ्या प्रसंगासाठी येताहेत आणि तो झाला की उठून जाताहेत. मग सात भावांनी ठरवलं की आपण अख्खा सिनेमाच तसा करायचा. कॅमेरा एकाकडे, आवाज दुसऱ्याकडे, दिग्दर्शन आणखी कुणाकडे. महाबळेश्वरात सगळं कुटुंब नेऊन, तारेतारकांशिवाय, चिमूटभर पैशांत केलेला 'दो गज़ ज़मीन के नीचे' 1972 साली आला आणि चालला. 1984मध्ये त्यांच्याच 'पुराना मंदिर'ने भल्या भल्या नटांच्या सिनेमांना मागे टाकलं. समीक्षकांनी नाक मुरडलं. थेटरमालकांनी मुरडलं नाही.

या सगळ्यांवर 'ए'चा शिक्का असायचा, म्हणजे केवळ प्रौढांसाठी. 'यूए' नावाची मधली पायरी 1983 साली आली खरी, पण ती या सिनेमांच्या वाट्याला क्वचितच. ठाण्यात वंदना, मल्हार, गणेश, आनंद ही थेटरं चालत्या अंतरावर असूनही आम्हा पोरांना त्यांचा उपयोग पोस्टर बघण्यापुरताच. दारावरचा माणूस ओळखीचा, तो आत सोडणं दूरच, उलट घरी सांगायचा.

वाट निघाली व्हिडिओच्या रूपाने. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत एका रात्रीसाठी कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा, वर्गणी काढून. भाडं रात्रीचं, म्हणून सकाळपर्यंत जितक्या कॅसेटी बघून होतील तितक्या. क्रम ठरलेला होता: पहिली कौटुंबिक, म्हाताऱ्या माणसांसाठी. दुसरी मारधाडीची. तिसरी 'ती', पोरं झोपल्यावर. त्यामुळे आम्ही साडेअकरालाच झोपायचो, म्हणजे गोधडी डोक्यावरून घेऊन तिच्या उसवलेल्या टाक्यातून बघायचो. ऐन मोक्याला चित्रावर मुंग्या यायच्या. मग लायब्ररीवाल्याचा मुलगा दोन रुपयांची कोरी करकरीत नोट काढायचा, व्हीसीआरचं झाकण उघडून तिने हेड पुसायचा आणि पुन्हा लावायचा. ती दोन-तीन मिनिटं पडदा काळा, खोलीत अंधार, कुणी बोलत नाही. एवढे सिनेमे बघितले, पण ज्याला मी भीती म्हणेन ती त्या काळ्या पडद्यासमोरची.

चिपळूणकडची माझी आजी मात्र हसायची. एकदा कबरीतून उठलेला तो केसाळ आडदांड चालत आला तेव्हा ती उठून टीव्हीजवळ गेली आणि वाकून त्याचे पाय बघायला लागली. "अरे, हे कसलं रे भूत? पाय सरळ आहेत की मेल्याचे!" आमच्या वडिलांची आणखी वेगळी तऱ्हा. दार करकरलं, वारा सुटला, कंदील विझला, तोवर ते मांडी घालून बसलेले. रक्त दिसलं की उठायचे. "शी! बंद करा ते. माणसं जेवलीत आत्ताच." आई दोघांच्या मधली. ती स्वयंपाकघरात भांडी लावत असायची आणि पडद्याच्या फटीतून सगळं बघायची. तिला आवडायचं की नाही हे तिने कधी सांगितलं नाही.

आता या तिघांना 'भयपट आवडतो का?' असं विचारलं असतं, तर तिघांचं उत्तर एकच आलं असतं, नाही. प्रत्येकाचं कारण मात्र वेगळं. म्हणून आधी या शब्दाकडे बघायला हवं, कारण माझ्या मते अर्धं भांडण त्यानेच लावलंय.

'भयपट' हा 'हॉरर'चा प्रतिशब्द म्हणून रुळला. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ अंगावरचे केस उभे राहणे. त्याला मराठीत तंतोतंत जुळणारा शब्द होता, तो म्हणजे रोमांच. पण रोमांच आपण कधीच आनंदाच्या खात्यात टाकला. तोरण्यावर पहिल्यांदा चढलो तेव्हा रोमांच, आणि स्मशानावरून येताना अंगावर काटा. केस उभे राहतात ते दोन्हीकडे सारखेच. शहारा तर दोन्ही घरचा पाहुणा. शरीर एकच गोष्ट करतं आणि भाषा तिला प्रसंग बघून नाव देते, हे मराठीला बरंच आधीपासून ठाऊक आहे. असं असून हॉररचं भाषांतर करताना आपण केसांचा भाग टाकून दिला आणि नुसतं भय ठेवलं.

त्यातही घोळ आहे. नाट्यशास्त्राने आठ रस सांगितले, त्यांत भयानक वेगळा आणि बीभत्स वेगळा. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. रंगसुद्धा निराळे, भयानकाचा काळा आणि बीभत्साचा निळा. बीभत्सातून भयानक निपजतो असंही म्हटलंय, म्हणजे नातं मानलं, पण घर एक केलं नाही. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरातल्या एका टीकाकाराने भयानकाचं उदाहरण म्हणून शाकुंतलातलं ते हरीण घेतलं: मान वळवून मागे येणाऱ्या रथाकडे बघत पळणारं, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडणारं. त्याचं म्हणणं असं, की प्रेक्षकाला जाणवणारं ते भय 'मी घाबरलोय' असं नसतं आणि 'तो घाबरलाय' असंही नसतं. ते कुणाच्या मालकीचं राहत नाही, म्हणून त्याची चव घेता येते. या उदाहरणात रक्ताचा थेंब नाही. बाण अजून सुटायचाच आहे.

मराठी छापील साहित्यानेही बराच काळ ही वेगवेगळी खाती पाळली. दिवाळी अंकांत गूढकथा निराळी, भूतकथा निराळी, रहस्यकथा निराळी, आणि वाचकाला कुठलं पान आपलं हे कळायचं. सिनेमाच्या जाहिरातीत मात्र सगळ्यांना मिळून 'भयपट'. मध्यंतरी 'थरारपट' आला, तो हाणामारीच्या सिनेमांनीच पळवला. 'भूतपट' म्हणावं तर त्यात भूत नसलेले सिनेमे बसत नाहीत, शिवाय शब्द पोरकट वाटतो. शेवटी एका पाटीखाली तीन दुकानं थाटली गेली. एक वाट बघण्याचं, म्हणजे दाराआड काहीतरी आहे आणि ते अजून दिसलेलं नाही. दुसरं किळसेचं. तिसरं दचकण्याचं.

हे तिसरं सगळ्यात स्वस्त. मोठ्ठा आवाज झाला की डोळे मिटतात, खांदे वर जातात, आणि हे मेंदूने विचार करण्याआधी होऊन जातं. तान्ह्या बाळाचंही होतं. 1942च्या एका अमेरिकी सिनेमात रात्री एकट्या चाललेल्या बाईच्या मागे कुणीतरी आहे असं वाटत राहतं, आणि अचानक फिस्स करून पडद्यावर काय येतं, तर बस. (टीएमटीच्या बसचं दारही तेच काम रोज फुकट करतं.) तेव्हापासून ही क्लृप्ती इतकी वापरली गेली, की आज पुष्कळ लोकांना भयपट म्हणजे दर दहा मिनिटांनी कानाशी फुटलेला सुतळी बॉम्ब वाटतो. ज्यांना दचकायला आवडत नाही ते मग 'मला हॉरर झेपत नाही' म्हणतात. त्यांना एखादी संथ, बिनआवाजी गूढकथा वाचायला द्या, पुस्तक संपेपर्यंत ते मान वर करणार नाहीत.

शास्त्रज्ञांनीही यावर बरंच काम केलंय. 1964 साली अमेरिकेत थरार शोधण्याची वृत्ती मोजायची प्रश्नावली निघाली. पुढे असं मांडलं गेलं, की भीतीने वाढलेली धडधड प्रसंग संपला तरी लगेच उतरत नाही आणि सुटकेच्या आनंदालाच तिचा जोर मिळतो. 1986च्या एका प्रयोगात कॉलेजच्या मुलांना भयपट सगळ्यात आवडला तो शेजारी बसलेली मुलगी घाबरत असताना, आणि मुलींना सगळ्यात कमी आवडला तो शेजारचा मुलगा घाबरत असताना. ठाण्यात तलावपाळीवर फिरणाऱ्या जोडप्यांना हे सांगायला प्रयोगाची गरज नव्हती. मला जास्त पटतो तो 2020चा डेन्मार्कमधला अभ्यास. तिथे भुताटकीच्या जत्राघरात 110 जणांना हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र लावून पाठवलं. फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही, फार घाबरलेल्यांनाही नाही, मधल्यांना आली. मात्र हा मधला बिंदू प्रत्येकाचा वेगळा, आणि सोसायटीच्या कमिटीला तो सर्वांसाठी एकच काढायचा असतो.

सवयीचाही भाग आहे. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद ऐकत वाढलेल्या आम्हा ठाणेकरांना सिनेमातलं वेड्यांचं इस्पितळ कधीच भीतीदायक वाटलं नाही. आमचं मनोरुग्णालय 1901पासून गावात आहे. त्याच्या भिंतीकडेने आम्ही शाळेत जायचो.

नव्वदीत केबल आली आणि भूत कॅसेटीतून घरोघरी गेलं. 1993मध्ये त्याच सात भावांच्या घराण्याने हिंदी वाहिनीवर भयमालिका सुरू केली, 1995मध्ये दुसऱ्या वाहिनीवर दुसरी आली. टीव्हीचा आवाज बारीक करून बघायची युक्ती तेव्हाचीच. आवाज गेला की निम्मं भूत जातं. त्याच 1993 साली मराठीत 'झपाटलेला' आला आणि बाहुल्याने पोराटोरांची झोप उडवली, पण हसवत. मराठी सिनेमाने भुताशी पहिल्यापासून असं भावोजींचं नातं ठेवलं. 'नको'वाल्यांची त्याला हरकत नसते, आणि अस्सल शौकीन त्याला भयपट मानत नाहीत.

2003मध्ये 'भूत' आला. हवेली नाही, स्मशान नाही, सिनेमात एक गाणं नाही. उंच इमारतीतला फ्लॅट, लिफ्ट आणि वॉचमन. घोडबंदरला आणि तिकडे नव्या मुंबईत लोक नवी घरं घेत होते, त्यांच्यासाठी ही भीती अगदी मापाची होती. वाशी-नेरुळला भुताला राहायला जुना वाडाच नाही असं आम्ही म्हणायचो, ती सोय या सिनेमाने केली. माझा मेहुणा तेव्हा कोपरखैरण्याला सातव्या मजल्यावर राहायला गेला होता. महिनाभर तो जिन्याने चढला, आणि विचारलं की व्यायाम म्हणायचा.

विरोधाची दुसरी धार महाराष्ट्रात जुनी आहे, तिचा किळसेशी वा दचकण्याशी संबंध नाही. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांचा आक्षेप सरळ आहे: भूत खरं दाखवलं की मांत्रिकही खरा ठरतो. 2013मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाल्यावर या म्हणण्याला वजन आलं. 2016मध्ये कोकणातल्या एका घरावर बेतलेली मराठी मालिका गाजली, तेव्हा आमच्या भागाची बदनामी होते म्हणून तिथूनच विरोध झाला. आमच्या ग्रुपवरही एका निवृत्त शिक्षिकेने हाच मुद्दा काढला. तिला उत्तर म्हणून हसरे इमोजी आले, ते बरं झालं नाही.

अलीकडचं सगळ्यांना ठाऊक आहे. 2018चा 'तुंबाड' 2024च्या सप्टेंबरात पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यात भय आहे, किळस आहे, दचकणं जवळजवळ नाही. त्याच वर्षी 'यूए'चे तीन तुकडे झाले: सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील. आमच्या कमिटीने 'तेरा वर्षांवरील चालेल' असा तोडगा काढला खरा, पण गच्चीच्या दारात वय कोण विचारणार, हे नोटिशीत नव्हतं.

लावला शेवटी 'मुंज्या'. हसवणारा असल्यामुळे दोन्ही बाजू राजी झाल्या. मसाला दूध आलं, चंद्र टॉवरच्या मागे गेला, आणि पहिल्या वीस मिनिटांत बी विंगमधल्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, मुंज झाली आणि सोडमुंज नाही, म्हणजे नक्की काय?" देवरुखचे ते काका सांगायला लागले: सोडमुंज म्हणजे काय, मुंज्या पिंपळावरच का राहतो, समंध कोण, गिऱ्हा पाण्यात काय करतो, चकवा लागला की आपण फिरून त्याच बांधावर कसे येतो. मागच्या दोन रांगा खुर्च्या वळवून त्यांच्याकडे तोंड करून बसल्या. निवृत्त शिक्षिकाही होत्या. मध्येच कुणीतरी प्रोजेक्टरचा आवाज कमी केला.