नवे आयर्न घेण्यापूर्वी: मध्यम हँडिकॅपच्या खेळाडूंसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

गोल्फमध्ये ज्यांचा हँडिकॅप (कौशल्याचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) साधारण १० ते २०च्या दरम्यान आहे आणि जे आता नवा आयर्न सेट (ग्रीनकडे फटके मारायचे, धातूच्या हेडचे क्लब) घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. बडोद्यातले आमचे बरेचसे ग्राहक लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या कोर्सवर खेळतात. प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९३०च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी तो करवून घेतला आणि १९९०च्या दशकात समरजितसिंह गायकवाड यांनी नूतनीकरण करून तो सर्वांसाठी खुला केला. अधूनमधून मंडळी अहमदाबादकडे केन्सव्हिल किंवा कल्हारच्या कोर्सवर जातात. सगळीकडे सेट एकच न्यायचा असतो आणि तो बरीच वर्षं चालावा अशी अपेक्षा असते. म्हणून पैसे मोजण्याआधी थोडं समजून घेतलेलं बरं.

आमचा आग्रह एवढाच की, सेट निवडताना तुमचा आजवरचा सर्वांत लांब गेलेला फटका विसरा आणि रोज चेंडू कसा लागतो ते पाहा. पंधरा हँडिकॅपच्या खेळाडूचा चेंडू दर वेळी फेसच्या (क्लबच्या सपाट बाजूच्या) मधोमध लागत नाही. कधी टोकाकडे लागतो, कधी क्लब आधी जमिनीला टेकतो. असा फटका बसल्यावरही जो सेट चेंडू ग्रीनपर्यंत (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापर्यंत) नेतो आणि तिथे थांबवतो, तो तुमचा सेट.

सगळे सात नंबर सारखे नसतात

दुकानात पहिला हात सात नंबरला जातो. जुना सात १४० यार्ड जात होता, नवा १५५ गेला, म्हणजे नवा चांगला, असा हिशेब लगेच होतो. तो करण्याआधी लॉफ्ट, म्हणजे फेस मागे किती कललेला आहे तो कोन, विचारा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या सेटमध्ये सात नंबरचा लॉफ्ट ३४ ते ३६ अंश असे. आता पिंगच्या आय २३०मध्ये तो ३३ आहे, टेलरमेडच्या पी ७९०मध्ये ३०.५ आणि पिंगच्याच जी ४३०मध्ये २९. एकाच कंपनीच्या दोन सेटमध्ये चार अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ एका क्लबचा. तुमच्या जुन्या सहा नंबरशी नव्या सातची तुलना केलीत, तर वाढलेल्या यार्डांपैकी बरेचसे तिथेच सापडतील.

यात कंपन्यांची लबाडी आहे असं आम्ही मानत नाही. नव्या हेडमध्ये वजन खाली आणि मागे नेलेलं असतं, त्यामुळे चेंडू सहज उंच चढतो. त्या हेडला जुना लॉफ्ट ठेवला तर चेंडू नुसता वर जाईल आणि पुढे कमी. मध्यम वेगाचा स्विंग असलेल्यांना या रचनेचा खरोखर फायदा होतो. फक्त दोन गोष्टी तपासून घ्याव्या लागतात.

एक, चेंडू उतरताना किती उभा उतरतो. ग्रीनवर थांबायचं तर उतरण्याचा कोन ४५ अंशांच्या आसपास असावा, असा फिटिंग करणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे. तो ४०च्या खाली गेला की एप्रिल-मेमधल्या कडक ग्रीनवर चेंडू टप्पा घेऊन ग्रीनच्या पलीकडे निघून जातो. १५५ यार्डांवर पडून आणखी पंधरा यार्ड पळणारा सात नंबर आम्हाला नको वाटतो. १४५ जाऊन तिथेच बसणारा आम्ही आनंदानं देऊ. म्हणून फटका मोजणाऱ्या आमच्या स्क्रीनवर आधी कॅरी (चेंडू हवेतून जातो तेवढं अंतर) आणि उतरण्याचा कोन वाचा, एकूण अंतर शेवटी.

दोन, सेटच्या खालच्या टोकाला काय होतं. जी ४३०चा पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचा, जास्त लॉफ्टचा क्लब) ४१ अंशांचा आहे. बॅगेत ५६चा सँड वेज असेल तर मध्ये १५ अंशांची दरी पडते. पूर्ण स्विंगमध्ये हे अंतर ३५ ते ४० यार्डांचं होऊ शकतं, आणि ते अर्ध्या-पाऊण स्विंगनं भरून काढणं हे मध्यम खेळाडूचं सर्वांत अवघड काम. तिथे ४६ आणि ५१च्या आसपासचे दोन वेज लागतात. हा खर्च सेटच्या किमतीत सुरुवातीलाच धरा. सेट घेऊन झाल्यावर तो कळला की मन खट्टू होतं.

नियमानुसार बॅगेत १४ क्लब चालतात. वेज वाढले म्हणजे वरून काहीतरी कमी करायला हवं, आणि ते सोपं आहे. तुमच्या पाच नंबरचा आणि सहा नंबरचा कॅरी मोजा. दोघांत पाच-सहा यार्डांचाच फरक असेल तर पाच नंबर तुमच्या स्विंगच्या वेगाला पुरेसा उंच उडत नाही आणि त्याची जागा हायब्रिडनं (आयर्न आणि वूडच्या मधल्या, चेंडू सहज उंच उडवणाऱ्या क्लबनं) घ्यावी. ड्रायव्हर, एक फेअरवे वूड, दोन हायब्रिड, सहा ते पिचिंग वेज, वर सांगितलेले दोन वेज, सँड वेज आणि पटर: हे १३ झाले, एक जागा तुमच्या आवडीची. चार नंबर आयर्न मागणाऱ्या पंधरा हँडिकॅपच्या ग्राहकाला आम्ही दोनदा विचारतो.

हेड: ब्लेड, कॅव्हिटी, पोकळ

पूर्वीच्या ब्लेडमध्ये, म्हणजे पातळ, सलग धातूच्या हेडमध्ये, सगळं वजन चेंडूमागे गोळा केलेलं असे. कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्यानं ते कडेला पसरवलं, म्हणजे चेंडू मधोमध नाही लागला तरी हेड कमी वळतं आणि अंतर कमी घटतं. त्यानं १९५९मध्ये पिंग सुरू केली आणि १९८२मधल्या आय २ या सेटनं ही कल्पना घरोघरच्या बॅगेत पोचवली. आजचे जवळजवळ सगळे कॅव्हिटी बॅक (मागून खोलगट हेड) त्याच विचारावर उभे आहेत.

दहा-बारा हँडिकॅप असेल आणि चेंडू बहुतेक वेळा मधल्या भागात लागत असेल तर आटोपशीर कॅव्हिटी बॅक घ्या. सोळा-अठरा असेल तर रुंद सोलचं (तळाचं), थोडा ऑफसेट असलेलं (फेस शाफ्टच्या किंचित मागे असलेलं) मोठं हेड घ्यायला संकोच करू नका. वरची कड जाड दिसते म्हणून काही जण ते नाकारतात. आम्हाला तसं करू नये असं मनापासून वाटतं, कारण कडेला लागलेल्या फटक्यांत त्याच कडेचा उपयोग होतो. पोकळ हेडचे सेट दिसायला सडपातळ आणि मारायला जोरदार असतात. मात्र त्यांत अधूनमधून एखादा फटका अपेक्षेपेक्षा लांब जातो. तो कितीदा जातो हे मोजल्याशिवाय पसंत करू नका.

फोर्ज्ड (घडवलेलं) की कास्ट (ओतीव), यावर कोर्सवर खूप चर्चा होते. हाताला लागणारा फरक खरा आहे, पण क्षमाशीलता (चुकलेला फटका सावरून घेण्याचा गुण) हेडच्या आकारातून आणि वजनाच्या मांडणीतून येते. घडवलेलं कार्बन स्टील मऊ असल्यामुळे पुढे लाय (शाफ्ट आणि जमीन यांमधला कोन) वाकवून घेणं सोपं जातं, हा फायदा मात्र खात्रीचा. १७-४ स्टेनलेस स्टीलचं ओतीव हेड फार कडक असतं, त्यात एखाद-दुसरा अंशही सांभाळून वाकवावा लागतो.

सोल आणि आपली जमीन

याकडे जवळजवळ कुणी पाहत नाही, आणि आमच्या मते बडोद्यात सर्वांत जास्त फरक इथेच पडतो. परदेशी चाचण्या मऊ, हिरव्यागार गवतावर केलेल्या असतात. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती ओली आणि चिकट होते, उन्हाळ्यात तीच विटेसारखी घट्ट. ओल्या मातीत अरुंद सोलची, धारदार कडेची आयर्न खोल रुतते आणि चेंडू वीस यार्ड आखूड पडतो. घट्ट जमिनीवर उलट: खूप रुंद सोल आणि जास्त बाउन्स (क्लबला रुतू न देणारा तळाचा कोन) असेल तर क्लब उसळून चेंडूच्या पोटावर बसतो.

तुमचे डिव्हट (फटक्यानं गवत-माती उडून पडणारे खड्डे) कसे असतात ते आम्हाला सांगा किंवा फोटो काढून आणा. खोल, ताटाएवढे पडत असतील तर बाउन्स वाढवायला हवा. गवताला नुसती घासून जात असाल तर मध्यम सोल पुरेल. दोन्हीही ऋतूंत खेळणाऱ्याला आम्ही साधारणपणे मध्यम रुंदीचा, पुढची कड गोलसर केलेला सोल सुचवतो. आणखी एक बाब लक्षात असू द्या: लॉफ्ट एक अंशानं कमी करून घेतला तर बाउन्सही तितकाच कमी होतो. जास्त यार्डांसाठी लॉफ्ट वाकवून घेतलेला सेट जुलैत मातीत का रुततो, त्याचं कारण हेच.

शाफ्ट: आधी वजन, मग अक्षर

शाफ्टवरच्या (क्लबच्या दांडीवरच्या) ‘आर’ (रेग्युलर) आणि ‘एस’ (स्टिफ, म्हणजे कडक) या अक्षरांना सगळ्या कंपन्यांत मिळून ठरलेलं कुठलंही माप नाही. एकीचा ‘आर’ दुसरीच्या ‘एस’इतका कडक असू शकतो. म्हणून आम्ही वजनापासून सुरुवात करतो. डायनॅमिक गोल्ड एस ३०० हा स्टीलचा शाफ्ट १३० ग्रॅमच्या आसपास भरतो, निप्पॉनचा ९५० जीएच शंभरच्या आत, आणि ग्रॅफाइट ५० ते ८० ग्रॅममध्ये सहज मिळतो. जड शाफ्टनं पहिले नऊ होल उत्तम जातात आणि तेराव्या-चौदाव्या होलपासून चेंडू उजवीकडे घसरू लागतो, ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. बडोद्याच्या उकाड्यात तर हमखास. त्यामुळे चाचणीच्या शेवटी, थोडे दमल्यावर, पुन्हा काही चेंडू मारून पाहायला लावतो.

ग्रॅफाइट हे म्हाताऱ्यांचं काम ही समजूत सोडून द्यावी. कोपर किंवा मनगट दुखत असेल तर ग्रॅफाइट धक्का कमी करतो, मग वय चाळीस असो की सत्तर. महिला खेळाडूंनाही आमची हीच विनंती: ‘लेडीज सेट’ म्हणून बांधून ठेवलेला संच पाहून ठरवू नका. तुमच्या स्विंगचा वेग मोजू आणि त्याला बसेल तोच शाफ्ट लावू.

लाय, लांबी, ग्रिप

उंची सारखी असलेल्या दोघांचे हात सारखे नसतात, म्हणून उंचीबरोबर मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतरही मोजतो. लांबी उगाच वाढवून घेऊ नका. अर्धा इंच वाढला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) सुमारे ३ अंकांनी वाढतं आणि हेड जड वाटू लागतं.

लाय तपासायला चेंडूवर मार्करनं उभी रेघ ओढतो. फटक्यानंतर ती फेसवर उमटते. रेघ सरळ उभी उमटली तर लाय बरोबर, तिरकी उमटली तर क्लब वाकवावा लागेल. उजव्या हाताच्या खेळाडूला लाय गरजेपेक्षा उभा असेल तर चेंडू डावीकडे जातो, आडवा असेल तर उजवीकडे. लॉफ्ट जितका जास्त तितका हा परिणाम जास्त, म्हणजे पाच नंबरपेक्षा वेजमध्ये तो अधिक जाणवतो. वर्षानुवर्षं वेज डावीकडे जातो म्हणून स्विंग बदलत बसलेल्या खेळाडूला कधी कधी फक्त दोन अंश वाकवणं पुरतं.

ग्रिप हाताच्या मापाची हवी, आणि घामामुळे आपल्याकडे ती लवकर गुळगुळीत होते. नियमित खेळत असाल तर वर्षातून एकदा बदला.

जुना सेट घेत असाल तर

जुना सेट घेण्यात काहीही कमीपणा नाही. मोठ्या कंपन्यांच्या मालिका साधारण दोन वर्षांनी बदलतात. पिंगची जी ४२५ २०२१ची, जी ४३० २०२३ची, जी ४४० २०२५ची. एक पिढी मागचा चांगला राखलेला सेट मध्यम खेळाडूला पुष्कळ. फक्त खाचा झिजलेल्या नाहीत ना, सगळे शाफ्ट एकच आहेत ना, आधीच्या मालकानं लाय वाकवून घेतला होता का, हे पाहा. पिंगच्या क्लबवर रंगीत ठिपका असतो. काळा म्हणजे स्टँडर्ड लाय. दुसरा रंग असेल तर तो कुणाच्या तरी मापाचा आहे.

नकली सेटपासून मात्र सांभाळा. किंमत अविश्वसनीय वाटावी इतकी कमी, हेडच्या मानेवर सीरियल नंबर नाही किंवा सगळ्या क्लबवर अक्षरं जराशी वेगवेगळी, मानेजवळची काळी कडी वाकडी बसलेली: यांतलं काहीही दिसलं तर पैसे देऊ नका. शंका असेल तर सेट आमच्याकडे आणून दाखवा. तपासायचे आम्ही काही घेत नाही, मग तो कुठूनही घेतलेला असो.

आमच्याकडे येताना

वेळ ठरवून या, दीड तास मोकळा ठेवा. जुना सेट, हातमोजा, कोर्सवरचे बूट आणि नेहमी ज्या चेंडूनं खेळता तसे दोन-तीन चेंडू आणा. सरावाच्या रेंजच्या चेंडूंवरचे आकडे दिशाभूल करतात. आम्ही आधी तुमचाच सात नंबर मोजू. फेसवर पावडर फवारतो, चेंडू कुठे लागतो ते उमटतं. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड फटका बाजूला ठेवून उरलेल्यांवरून ठरवतो.

ठसे फेसभर विखुरलेले दिसले तर आधी प्रशिक्षकाकडे काही तास घ्या असं आम्ही स्पष्ट सांगतो. ठसे एकत्र असून चेंडू एकाच बाजूला जात असेल तर जुन्याच सेटचा लाय वाकवून आणि ग्रिप बदलून काम भागू शकतं, आणि भागत असेल तर तेच करून देऊ.

नवा सेट घेतल्यावर महिनाभरानं तो पुन्हा घेऊन या. तोवर स्विंग नव्या शाफ्टला सरावलेला असतो. लाय परत तपासून लागल्यास वाकवून देतो, त्याचे पैसे नाहीत. आणि उन्हाळ्यात बॅग गाडीच्या डिकीत ठेवून जाऊ नका. बंद गाडीतल्या उष्णतेनं हेड आणि शाफ्ट जोडणारा इपॉक्सी सैल पडतो. क्लब फिरवताना मानेत बारीकसा कुरकुर आवाज येऊ लागला तर त्या क्लबनं फटका मारू नका, तसाच घेऊन या.